जुन्या मोटारी, जाणते हात

एखादी वस्तू जुनी होऊन मोडली, म्हणजे माणसापुढे तीन मार्ग उभे राहतात. ती टाकून द्यावी, हा पहिला मार्ग. ती दुरुस्त करून पूर्ववत करावी, हा दुसरा. तिला नवे भाग जोडून पूर्वीपेक्षा अधिक उपयोगी करावी, हा तिसरा. ह्याशिवाय चौथाही एक मार्ग आहे. परंतु तो सहसा कोणाच्या ध्यानात येत नाही. तो कोणता, ते आपण पाठाच्या अखेरीस पाहू.

अमेरिकेतील हजारो हौशी माणसे ह्याच प्रश्नाचे उत्तर आपल्या हातांनी शोधत असतात. घराला लागून असलेली मोटार ठेवण्याची खोली ही त्यांची कार्यशाळा. नोकरीधंदा सांभाळून उरलेली संध्याकाळ आणि सुटीचा दिवस ही त्यांची कामाची वेळ. साठ वर्षांपूर्वी बांधलेल्या, गंजून गेलेल्या मोटारी ते विकत घेतात, सुट्या करतात आणि पुन्हा चालत्या करतात. ह्या छंदाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे.

हा छंद श्रीमंतांच्या वाड्यात जन्मास आला नाही. तो गरजेच्या पोटी जन्मला. १९०८ ते १९२७ ह्या काळात हेन्री फोर्ड ह्यांच्या कारखान्यांतून 'मॉडेल टी' जातीच्या दीड कोटीहून अधिक मोटारी बाहेर पडल्या. पुढे त्या जुन्या झाल्या आणि अल्प किमतीत मिळू लागल्या. १९३२ साली फोर्ड कंपनीने आठ सिलिंडरांचे इंजिन सामान्य माणसाला परवडेल अशा गाडीत बसवले. मग काय विचारता! दक्षिण कॅलिफोर्नियातील तरुणांच्या खिशात पैसा नव्हता, पण डोक्यात कल्पना होत्या. त्यांनी जुन्या गाड्या घेतल्या, चाकांवरील पत्रे काढून त्यांचे वजन कमी केले, इंजिनात सुधारणा केल्या आणि म्युरॉकसारख्या कोरड्या सरोवरांच्या सपाट तळांवर त्या पळवून पाहिल्या. १९३७ साली तेथील मंडळींनी वेग मोजण्याचे काम शिस्तीने चालावे म्हणून आपली संघटनाही स्थापन केली.

परंतु सर्वच तरुण इतके विचारी नव्हते. काही जण सार्वजनिक रस्त्यांवर शर्यती लावीत आणि स्वतःबरोबर इतरांचेही प्राण संकटात घालीत. नुसती बंदी घालून हे थांबणार नाही, हे वॉली पार्क्स ह्यांनी ओळखले. १९५१ साली त्यांनी 'नॅशनल हॉट रॉड असोसिएशन' ही संस्था काढली. शर्यत लावायची तर ती राखून ठेवलेल्या धावपट्टीवर, गाडीची तपासणी करून आणि नियम पाळून लावावी, असा तिचा आग्रह होता. उत्साहाला योग्य वाट काढून देणे हे त्याला दडपण्यापेक्षा नेहमीच हिताचे असते.

तरुणांची ही आवड कारखानदारांच्या नजरेतून सुटली नाही. १९६४ सालच्या गाड्यांत पाँटिअ‍ॅक कंपनीने एक धाडस केले. मध्यम आकाराच्या गाडीत तिने मोठ्या गाडीचे ३८९ घन इंचांचे, म्हणजे सुमारे ६.४ लिटरचे, इंजिन बसवले आणि त्या गाडीला 'जीटीओ' हे नाव दिले. पहिल्याच वर्षी अशा ३२,४५० गाड्या खपल्या. त्याच वर्षाच्या १७ एप्रिलला न्यूयॉर्कच्या जागतिक प्रदर्शनात फोर्डची 'मस्टँग' लोकांसमोर आली. पाठोपाठ शेव्हरोलेची 'कमॅरो', डॉजची 'चार्जर', प्लिमथची 'रोड रनर' अशा गाड्या निघाल्या. बांधा आटोपशीर, परंतु अंगात पहिलवानाचे बळ, म्हणून लोक त्यांना 'मसल कार', म्हणजे पिळदार स्नायूंची गाडी, असे म्हणू लागले.

ह्या बळाचे दिवस मात्र थोडेच होते. ह्या गाड्यांचे अपघात वाढले, तेव्हा विमा कंपन्यांनी हप्ते वाढवले. १९७० साली अमेरिकेत हवा शुद्ध राखण्यासाठी कडक कायदा झाला. १९७३ साली अरब राष्ट्रांनी तेलाचा पुरवठा रोखला आणि पेट्रोलसाठी गाड्यांच्या रांगा लागल्या. शक्तीची मिजास सर्वांनाच महाग पडू लागली. १९७४ नंतर 'जीटीओ'ची ती मालिकाही बंद पडली. अनेक गाड्या भंगारात गेल्या. काही शेतावरच्या कोठारांत आणि घरामागच्या गवतात गंजत पडल्या.

ज्या मुलांनी ह्या गाड्या एके काळी दुरूनच पाहिल्या होत्या, ती पुढे मिळवती झाली. आपल्या बालपणीचे स्वप्न त्यांनी गंजलेल्या अवस्थेत घरी आणले. येथून खरे काम सुरू होते.

हे काम किती चिकाटीचे असते, ते पाहा. प्रथम गाडी सुटी करावी लागते. प्रत्येक बोल्ट निराळ्या पिशवीत घालून तिच्यावर चिठ्ठी लावावी लागते. कारण जोडणीचा दिवस दोन-तीन वर्षांनीही उजाडू शकतो, आणि तोपर्यंत माणसाची स्मृती दगा देते. मग पत्र्यावरचा रंग खरवडतात. वरून चकचकीत दिसणाऱ्या रंगाखाली पुष्कळदा लुकण आणि लुकणाखाली गंजाची भोके असतात. अशा वेळी 'वरून कीर्तन, आतून तमाशा' ही म्हण आठवल्याशिवाय राहत नाही. गंजलेला भाग कापून काढायचा, त्या मापाचा नवा पत्रा ठोकून आकारास आणायचा आणि तो वितळजोडणीने सांधायचा. उष्णतेने पत्रा वाकू नये म्हणून एका जागी सलग न सांधता थोडे येथे, थोडे तेथे असे टाके घालतात. येथे उतावळेपणा कामास येत नाही.

इंजिनाची कथा आणखी बोधप्रद आहे. त्या काळच्या पेट्रोलमध्ये शिशाचे संयुग मिसळलेले असे. इंजिनाच्या झडपा ज्या बैठकींवर मिटतात, त्या बैठकींची झीज ह्या शिशामुळे कमी होई. परंतु तेच शिसे धुरातून हवेत जाऊन लहान मुलांच्या मेंदूला अपाय करी. म्हणून रस्त्यावरील वाहनांसाठी असे पेट्रोल विकण्यास अमेरिकेत १९९६ पासून बंदी झाली. तेव्हा जुने इंजिन उघडणारा जाणता कारागीर झडपांसाठी कठीण धातूच्या बैठकी बसवतो. जुन्यावर प्रेम करणे म्हणजे जुन्या काळातील चुकाही जतन करणे नव्हे.

येथेच ह्या छंदिष्टांमध्ये दोन पक्ष पडतात. एक पक्ष म्हणतो, "गाडी कारखान्यातून निघाली त्या दिवशी जशी होती, अगदी तशीच झाली पाहिजे." अनेक गाड्यांच्या इंजिनावर त्या गाडीच्या क्रमांकाचा काही भाग ठोकलेला असतो. हे क्रमांक जुळले, तर इंजिन मूळचेच आहे असे मानतात आणि गाडीची किंमत वाढते. म्हणूनच कोणी लबाड माणूस जुने आकडे घासून खोटे आकडे ठोकतो. ज्या हाताला पत्रा जोडण्याचे कसब येते, त्याला फसवणुकीचेही कसब येऊ शकते. कौशल्याच्या पाठीशी सचोटी नसेल, तर ते कौशल्य घातकच ठरते.

दुसरा पक्ष म्हणतो, "गाडी ही चालवण्यासाठी आहे." त्या काळी कारखान्यांनी इंजिनाचे बळ वाढवले, पण गाडी थांबवण्याची शक्ती त्या प्रमाणात वाढवली नाही. बहुतेक गाड्यांना चारही चाकांवर ड्रम ब्रेक असत. ते वारंवार लावले की तापत आणि त्यांची पकड ढिली होई. म्हणून हा पक्ष जुन्या देहात नवे डिस्क ब्रेक आणि खांद्यावरून येणारे सुरक्षापट्टे बसवतो. ज्या गाडीत आपली मुले बसणार, ती वेळेवर थांबलीच पाहिजे, हे ह्या पक्षाचे म्हणणे कोण नाकारील?

आता तो चौथा मार्ग. १९६८ साली 'बुलिट' नावाचा चित्रपट निघाला. त्यात नट स्टीव्ह मॅक्वीन ह्यांनी हिरव्या रंगाची एक मस्टँग सॅन फ्रान्सिस्कोच्या चढउतारांवरून पळवली होती. १९७४ साली एका सामान्य कुटुंबाने ती गाडी सुमारे सहा हजार डॉलरना घेतली आणि घरच्या रोजच्या कामासाठी वापरली. १९७७ साली स्वतः मॅक्वीन ह्यांनी ती परत मिळावी म्हणून पत्र लिहिले. कुटुंबाने ती दिली नाही. १९८० साली तिचा क्लच निकामी झाला आणि ती उभी राहिली ती अनेक वर्षे. वडील व मुलगा ह्यांनी ती दुरुस्त करण्याचा बेत केला. पण २०१४ साली वडील निवर्तले.

मुलाने पुढे ती गाडी चालती केली. परंतु तिचा विटलेला रंग, पत्र्यावरचे पोचे आणि चित्रीकरणाच्या वेळी कॅमेऱ्यासाठी जोडलेल्या आधारांच्या खुणा त्याने तशाच राहू दिल्या. २०१८ साली ती डेट्रॉइटच्या प्रदर्शनात लोकांसमोर आली आणि २०२० साली लिलावात तिला सुमारे ३७ लक्ष डॉलर मिळाले. तिला नवा रंग दिला असता, तर ती अधिक सुंदर दिसली असती. पण तिच्या अंगावर लिहिलेला इतिहास कायमचा पुसला गेला असता.

चालण्यापुरते दुरुस्त करावे आणि बाकीच्याला हात लावू नये, हाच तो चौथा मार्ग. तो सर्वांत सोपा दिसतो, पण आहे सर्वांत अवघड. हात चालवणे अभ्यासाने साधते. हात कोठे थांबवावा, हे मात्र त्या वस्तूला नीट ओळखल्यावाचून कळत नाही.

मुलांनो, तुमच्या घरीही आजोबांचे घड्याळ असेल, आजीचे शिवणयंत्र असेल, एखादी जुनी सायकल असेल. ती उघडण्यापूर्वी क्षणभर थांबा. तिच्यात बिघडले आहे काय, आणि केवळ जुने झाले आहे काय, हे आधी पाहा. जे बिघडले असेल ते दुरुस्त करा; जे केवळ जुने झाले असेल, त्याचा मान राखा.

स्वाध्याय

१. मोडलेल्या जुन्या वस्तूपुढील चार मार्ग कोणते? त्यांपैकी चौथ्या मार्गाला लेखकाने सर्वांत अवघड का म्हटले आहे?
२. 'मसल कार'चे दिवस थोडे ठरले, ह्याची कारणे सांगा.
३. छंदिष्टांच्या दोन पक्षांपैकी तुम्हांला कोणाचे म्हणणे पटते? कारणे देऊन दहा ओळी लिहा.
४. तुमच्या घरातील एका जुन्या वस्तूची हकिगत वडीलधाऱ्यांना विचारून लिहा.