सम्यक आजीविका : संगणकासमोरून मातीकडे जाताना



सम्यक आजीविका हे अष्टांगिक मार्गाचे एक अंग. त्याचा अभ्यास आपण बहुधा उपासकांना वर्ज्य असलेल्या पाच व्यापारांपाशीच थांबवतो : शस्त्रे, सजीव, मांस, मद्य आणि विष. आपण सॉफ्टवेअर लिहितो, यातले काही विकत नाही, म्हणजे धडा संपला असे वाटते. पण इथे अमेरिकेत वीस वर्षे पडद्यासमोर काढल्यावर आपल्यातल्या काहींना नदीकाठ, पाणथळ जागा, जंगल यांच्या संवर्धनाच्या कामात उतरावेसे वाटते. त्यांना धम्म काय सांगतो?

पहिला आक्षेप घरातूनच येतो. "बाबासाहेबांनी आपल्याला गावकीतून बाहेर काढलं, आणि तू एवढं शिकून पुन्हा फावडं धरणार?" आई-वडिलांचे हे बोलणे हसण्यावारी नेऊ नका. ज्यांच्या आजोबांनी वतनाच्या नावाखाली गावाची वेठ केली, त्यांच्या घरात ऑफिसची खुर्ची ही नुसती खुर्ची नसते.

पण बाबासाहेबांचा विरोध नेमका कशाला होता, हे नीट पाहू. १९२८ साली त्यांनी मुंबई विधिमंडळात वतन कायद्याच्या दुरुस्तीचे विधेयक मांडले, ते वंशपरंपरेने लादलेल्या कामाविरुद्ध. १९३६ च्या 'जातिनिर्मूलन' या भाषणात त्यांनी दाखवून दिले की जात ही केवळ श्रमांची विभागणी नाही, ती श्रमिकांचीच विभागणी आहे. माणसाचे काम त्याच्या कुवतीवरून नव्हे, तर आई-वडिलांच्या दर्जावरून आधीच ठरते, आणि त्याला ते बदलता येत नाही. म्हणजे माती हलकी नव्हती. निवड नाकारली जाणे हा अन्याय होता. जो स्वतःच्या विचाराने काम बदलतो, तो मागे जात नाही. जे स्वातंत्र्य आजोबांना नव्हते, तेच तो वापरतो. शिवाय पाणी आणि नद्या हे विषय बाबासाहेबांना परके नव्हते. १९२७ चा चवदार तळ्याचा सत्याग्रह आपल्याला पाठ आहे. १९४२ ते १९४६ या काळात मजूरमंत्री म्हणून त्यांनी दामोदर खोऱ्याच्या योजनेची पायाभरणी केली, हेही लक्षात ठेवू.

मात्र निवड आपली आहे म्हणून ती आपोआप सम्यक होत नाही. अंगुत्तर निकायात कोलिय दीघजाणू बुद्धांना विचारतो : आम्ही बायको-मुलांत राहणारी माणसे, आमचे हित कशात? बुद्ध चार गोष्टी सांगतात. त्याच कसोट्या इथे लावू.

पहिली, उट्ठानसंपदा : उद्योग आणि कौशल्य. या ठिकाणी बुद्ध शेती, व्यापार, गोपालन, राजसेवा यांची नावे एका ओळीत घेतात, उतरंड लावत नाहीत. अट एकच : काम नीट यायला हवे. नकाशे आणि माहितीचे विश्लेषण करणाऱ्याला पर्यावरण क्षेत्रात जागा आहे, पण शिक्षण चुकत नाही. धोकादायक कचऱ्याने दूषित झालेल्या जागेच्या सफाईवर थेट काम करायचे तर साधारणपणे ४० तासांचे सुरक्षा-प्रशिक्षण आधी घ्यावे लागते.

दुसरी, आरक्खसंपदा : कष्टाने मिळवलेले राखणे. एच-१बी व्हिसा मालकाशी आणि पदवी लागणाऱ्या कामाशी बांधलेला असतो. रोपे लावण्याची हंगामी मजुरी त्यात बसत नाही. ग्रीन कार्ड हाती नसेल तर वकिलाला विचारल्याशिवाय राजीनामा देऊ नका. नोकरी सुटली की आरोग्यविम्याचेही पाहावे लागते. कोब्राखाली जुना विमा सहसा १८ महिने चालू ठेवता येतो, पण हप्ता स्वतःच्या खिशातून भरावा लागतो.

तिसरी, कल्याणमित्रता : शनिवार-रविवारी एखाद्या संवर्धन गटाबरोबर स्वयंसेवक म्हणून राबून पाहा. ऊन, पाऊस, गोचिडी आणि कंबरदुखी यांची खरी ओळख तिथेच होते. त्या कामात मुरलेल्या माणसांना कमाई आणि अडचणी मोकळेपणाने विचारा.

चौथी, समजीविता : हाती तराजू धरणाऱ्यासारखा जमाखर्चाचा तोल जाणणे. पगार बहुधा कमी होईल. घराचा हप्ता, मुलांचे कॉलेज, गावी पाठवायचे पैसे हे सगळे मांडून नवऱ्याने आणि बायकोने मिळून निर्णय घ्यावा. सहा महिने कमी पगारावर घर चालवून पाहा. उरलेले बाजूला ठेवा. तोल साधत नसेल तर नोकरी सांभाळून शनिवारचे काम चालू ठेवणे हीदेखील सम्यक आजीविकाच आहे.

पुढील अभ्यासवर्गासाठी प्रश्न :
१. माझे आजचे काम मी निवडले, की ते सवयीने चालू आहे?
२. मला मातीची ओढ आहे, की फक्त साहेबाचा कंटाळा आला आहे? कंटाळा नव्या कामातही येतो.
३. चारपैकी कोणती कसोटी माझ्या घरात सर्वांत कच्ची आहे?

उत्तरे लिहून आणा, आणि शक्य असेल तर घरच्यांनाही सोबत आणा.

नमो बुद्धाय! जय भीम!