मशीन बदललं, बॅकअप सर्व्हरचं पान उघडेना? चला, बसा शेजारी

माणकोली-काल्हेरच्या गोदामातलं ऑफिस असो की भिवंडीतल्या यंत्रमागांना लागून असलेली हिशेबाची खोली, प्रॉक्समॉक्स बॅकअप सर्व्हर नव्या मशीनवर नेला की बहुतेक वेळा अडतं ते फक्त नेटवर्क. पान उघडत नाही म्हणजे बॅकअप गेला असं नाही. म्हणून काहीही फॉरमॅट करू नका. वही-पेन घ्या आणि क्रम मोडू नका.

१. मॉनिटर आणि कीबोर्ड थेट सर्व्हरला जोडा.

२. ‘रूट’ नावाने लॉगिन करा. पासवर्ड टाईप करताना स्क्रीनवर काहीच उमटत नाही, ते बरोबर आहे.

३. लॅन केबल काढून पोर्ट साफ करा आणि केबल ‘टक्’ आवाज येईपर्यंत बसवा. मागांच्या शेजारी सुताचं तूस हमखास आत जातं.

४. ‘आयपी ए’ ही कमांड द्या आणि नेटवर्क कार्डाचं नाव वहीत जसंच्या तसं उतरवा. ‘लो’ नाव सोडून द्या. दोन कार्डं दिसली तर दोन्ही नावं लिहा.

५. ‘ईटीसी’मधल्या ‘नेटवर्क’ फोल्डरातली ‘इंटरफेसेस’ फाईल नॅनो एडिटरमध्ये उघडा.

६. फाईलमधलं कार्डाचं नाव वहीतल्या नावाशी ताडून पाहा. घोळ बहुतेक इथेच सापडतो! मदरबोर्ड बदलला की कार्डाचं नाव बदलू शकतं आणि फाईल मात्र जुनंच नाव धरून बसते. नवं नाव ‘ऑटो’च्या ओळीतही लिहा आणि ‘आयफेस’च्या ओळीतही. एक ओळ विसरलात तर सगळी मेहनत वाया.

७. त्याच फाईलमध्ये पत्ता आणि गेटवे नव्या राउटरप्रमाणे करा. राउटर १९२.१६८.१ चा आणि सर्व्हर १९२.१६८.० चा, असं असेल तर दोघांची गाठ पडणार नाही.

८. कंट्रोल-ओ, एंटर, कंट्रोल-एक्स दाबून फाईल सेव्ह करा.

९. ‘ईटीसी’मधल्या ‘होस्ट्स’ फाईलमध्येही हाच नवा पत्ता लिहून सेव्ह करा. ही पायरी राहिली तर मशीन चालू होताना स्क्रीनवर जुनाच पत्ता दिसेल आणि तुम्ही तोच उघडत बसाल.

१०. मशीन रीबूट करा.

११. गेटवेला पिंग करा. उत्तर आलं नाही तर पुढे जाऊ नका, चौथ्या पायरीवर परत या. दोन कार्डं असतील तर आता दुसऱ्याचं नाव लावून बघा.

१२. ऑफिसच्या संगणकावर ब्राउझरमध्ये एचटीटीपीएस लावून पत्ता टाका, पुढे कोलन आणि ८००७. ८००६ हा ज्याचा बॅकअप घेतो त्या मुख्य प्रॉक्समॉक्स सर्व्हरचा पोर्ट आहे, तिथे गल्लत होते. सर्टिफिकेटची सूचना आली तर पत्ता आपलाच आहे ना ते बघून पुढे जा.

१३. पिंग चालतंय, तरी पान येत नाही? सर्व्हरवर ‘प्रॉक्समॉक्स-बॅकअप-प्रॉक्सी’ या सेवेचा स्टेटस ‘सिस्टिमसीटीएल’ने बघा.

१४. सेवा बंद असेल आणि लॉगमध्ये परवानगीची तक्रार असेल, तर ‘ईटीसी’मधल्या ‘प्रॉक्समॉक्स-बॅकअप’ फोल्डरचा मालक ‘बॅकअप’ करा आणि परवानगी ७०० ठेवा. सेटिंग्ज पेनड्राइव्हवरून कॉपी केल्या की मालकी बिघडते. फक्त फोल्डरचीच मालकी बदला. आतल्या सगळ्या फायलींना एकदम तीच मालकी दिलीत तर नवं दुखणं सुरू होईल.

१५. सेवा रीस्टार्ट करून पान पुन्हा उघडा.

१६. लॉगिनच्या चौकटीत ‘लिनक्स पॅम’ निवडा. दुसरा पर्याय निवडलेला असेल तर बरोबर पासवर्डही चुकीचाच ठरतो.

१७. डॅशबोर्डवरून सर्टिफिकेटचा फिंगरप्रिंट कॉपी करून मुख्य सर्व्हरच्या स्टोरेजमध्ये टाका. जुना राहिला तर पान उघडेल, पण रात्रीचा बॅकअप होणार नाही.

१८. एक छोटी फाईल रिस्टोअर करून उघडून बघा.

ही फाईल नीट उघडेपर्यंत जुन्या मशीनच्या डिस्कला हात लावू नका आणि ती कुणाला विकूही नका.