सव्वा लाखात ऑफिस, घाट आणि पाणंद

आमच्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंतीला टेकवून ठेवलेला एक काळा लोखंडी बंपर आहे. सेक्रेटरी प्रत्येक सभेत त्याचा विषय काढतात. तो माझा आहे. स्कॉर्पिओ-एन घेतली, डिझेल, फोर बाय फोर, आणि पहिल्या सहा महिन्यांत तिच्यावर एक लाख सहा हजार रुपये उधळले. बंपर ३८ हजार, टपावरचा कॅरिअर ३२, स्नॉर्कल २२ आणि दिव्यांची पट्टी १४. मग एका अवकाळी पावसात बारामतीजवळ मामांच्या शेताकडे जाणाऱ्या पाणंदीत गाडी रुतली. काळ्या मातीनं टायरच्या नक्षीतल्या सगळ्या फटी बुजवल्या होत्या. चाकं फिरत होती, गाडी जागची हलत नव्हती, आणि गाडीत साधा दोरसुद्धा नव्हता. शेजारच्या ट्रॅक्टरवाल्यानं दीड हजार घेऊन बाहेर काढलं. मामा बांधावर उभे राहून बघत होते. म्हणाले, "भाचेराव, एवढे दिवे लावलेत, त्यानं चिखल वाळतो का?"

आठवड्याचे सहा दिवस ऑफिस, शाळा, भाजी आणि एखाद्या रविवारी मढे घाट किंवा साम्रदची वाट, असा ज्यांच्या गाडीचा दिनक्रम आहे त्यांच्यासाठी हा हिशोब. किमती पुण्यातल्या दुकानांतल्या, मजुरीसह आणि ढोबळ आहेत. हजार-दोन हजार इकडे तिकडे होतील.

गाडी अजून घ्यायची असेल तर पहिला निर्णय शोरूममध्येच होतो. फोर बाय टू आणि फोर बाय फोर यांच्यात साधारण दोन-अडीच लाखांचा फरक पडतो, आणि ही गोष्ट नंतर बसवून मिळत नाही. स्कॉर्पिओ-एन आणि थार रॉक्समध्ये फोर बाय फोर फक्त डिझेलमध्ये येतं. जिम्नीला ते सगळ्याच मॉडेलमध्ये आहे, पण चौघं आणि चार बॅगा एकदम भरून बघा, मग ठरवा. वाडीवरचा कच्चा रस्ता, खडी, उन्हाळ्यातला घाट एवढंच करायचं असेल तर फोर बाय टूला चांगले टायर पुरतात. ओल्या लाल मातीचा चढ किंवा पावसाळ्यातलं शेत नेहमीचं असेल तर फोर बाय फोर आणि त्यातलं लो रेंज, म्हणजे हळू पण जोरात ओढणारे गिअर, लागतंच.

सगळ्यात जास्त पैसे टायरवर घाला. रस्त्याला टेकतात ते फक्त टायर, बाकी सगळी गाडी त्यांच्यावर बसलेली असते. या आकाराच्या गाड्यांना ऑल-टेरेन, म्हणजे बाजारात ज्याला एटी म्हणतात, तो टायर १२ ते १७ हजारांना पडतो. २२ सप्टेंबर २०२५ पासून टायरवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आला, तेव्हा जुनं कोटेशन घेऊन दुकानात जाऊ नका. पाच टायर घ्या, चार नव्हे. स्टेपनी वेगळ्या जातीची असली की पंक्चर नेमकं चिखलात होतं आणि फोर बाय फोरमध्ये गाडी ओढताना चाकांची गोलाई जुळत नाही. पाचांचे ७० हजार धरले आणि कंपनीचे नवे टायर लगेच विकले, तर १५-२० हजार परत येतात. अलाइनमेंट-बॅलन्सिंगचे दीड-दोन हजार.

मड-टेरेन टायर दिसायला रुबाबदार असतात. काळ्या मातीत खरंच चालतात ते हेच, कारण खोल फटींतून माती बाहेर फेकली जाते. पण मुंबई-पुणे एक्स्प्रेसवेवर मागच्या सीटवरच्या आईशी बोलताना ओरडावं लागतं, आणि ओल्या डांबरावर ब्रेक लांब जातो. घरच्या गाडीला नकोत.

टायरची साइझ वाढवण्याचा मोह सगळ्यांना होतो. जरा गणित करू. २४५/६५ आर १७ हा टायर सुमारे ७५० मिलिमीटर उंचीचा. त्याजागी २४५/७० आर १७ घातला तर ७७५. गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, म्हणजे १२ मिलिमीटर, करंगळीच्या जाडीएवढी. त्या बदल्यात काट्यावर १०० दिसत असताना गाडी १०३ नं पळते, पिकअप मंदावतो आणि पूर्ण वळणावर टायर आतल्या प्लॅस्टिकला घासू शकतो. कंपनीनं आपल्या मॉडेलला दिलेल्या साइझमध्येच राहा. वॉरंटीचा आणि आरटीओचा दोन्ही वाद मिटतो.

टायरनंतर हवा. कच्च्या दगडी वाटेवर ३३-३५ पीएसआयवरून २२-२४ वर उतरलं की टायर पसरतो, पकड वाढते आणि मणके वाचतात. वाळूत १५ ते १८. डांबर लागलं की पुन्हा भरायची, कमी हवेत हायवेला गेलात तर टायर तापून फाटेल. म्हणून कॉम्प्रेसर लागतो. लायटरच्या सॉकेटमध्ये खुपसायचा दोन हजारांचा पंप दुसऱ्याच टायरला धापा टाकतो. बॅटरीला थेट चिमटे लावायचा, दोन सिलिंडरवाला, ६ ते ९ हजारांचा घ्या. सोबत चांगला गेज आणि पंक्चर किट, मिळून हजार-दीड हजार.

आता रुतलेली गाडी काढायचं सामान. कायनेटिक दोर, २२ मिलिमीटर जाडीचा, ९ मीटर लांब, १० ते १४ हजार. हा दोर ताणला जातो आणि आखडताना गाडीला बाहेर खेचतो, त्यामुळे साध्या पट्ट्यासारखा दणका बसत नाही. दोर गाडीला जोडायच्या दोन सॉफ्ट शॅकल, ४ हजार. चाकाखाली घालायच्या प्लॅस्टिकच्या फळ्यांची जोडी, ७ ते १२ हजार. फावडं आणि हातमोजे गावच्या बाजारातून घ्या, हजारात होतात. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे दोर अडकवायची जागा. बंपरवरचं छोटं झाकण काढून जो हुक फिरवून बसवतात, तो बंद पडलेली गाडी सावकाश ओढण्यापुरता असतो. ट्रेलरच्या गोळ्याला तर दोर कधीच लावू नका, तो तुटला तर गोळीसारखा सुटतो. चासीला बोल्टनं बसणारा, भार लिहिलेला रिकव्हरी पॉइंट ५ ते १० हजारांत मिळतो. हे सगळं सामान मागे बांधून ठेवा. करकचून ब्रेक लागला तर सुटं फावडं पुढच्या सीटपर्यंत येतं.

चेंबर गार्ड बघून घ्या. कंपनीचा पत्रा पातळ असेल तर ३ मिलिमीटरचा लोखंडी गार्ड १० ते १५ हजारांत बसतो. एका दगडानं चेंबर फुटलं तर तेल वाहून जातं, आणि तसंच इंजिन चालवत राहिलं तर त्याचं बिल या सगळ्या यादीपेक्षा मोठं येतं. ऑइल बदलायला गार्ड न काढता भोक उघडतं का, हे बसवण्याआधी विचारा.

विंच, म्हणजे दोर गुंडाळत गाडी ओढणारं यंत्र, मी घेतला नाही. दोन टनांच्या गाडीला ९,५०० पौंडांचा लागतो, तो ४५ ते ९० हजार, वर ३०-३५ किलो वजन नाकावर, आणि तो बसवायला लोखंडी बंपर हवा. इथे कायदा आडवा येतो. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्रालयानं राज्यांना पत्र पाठवून बुल बार आणि क्रॅश गार्डवर कारवाई करायला सांगितलं. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं कंपनीच्या मूळ रचनेशी विसंगत फेरबदल करता येत नाहीत असा निकाल दिला. मोटार वाहन कायद्याच्या त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२ए खाली अशा प्रत्येक फेरबदलाला मालकाला ५ हजार दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, होऊ शकतं. शिवाय एअरबॅगची गणितं मूळ बंपरवर बेतलेली असतात. माझा बंपर भिंतीला का टेकला, ते आता कळलं असेल.

लिफ्ट किटचंही तसंच. दोन इंच उंचीसाठी लाख ते दोन लाख, आणि मग ड्राइव्ह शाफ्टचे कोन बिघडतात, हेडलाइट समोरच्याच्या डोळ्यांत जातात, कात्रजच्या उतारावर गाडी जास्त झुकते. ज्या गाडीत मुलं बसतात तिला मी हे करणार नाही. स्नॉर्कलसाठी, म्हणजे इंजिनाला टपाच्या उंचीवरून हवा देणाऱ्या नळीसाठी, माझ्या फेंडरला भोक पडलं, ते आता बुजत नाही. शिवाय खोटा धीर येतो. फरशी पुलावरून दोन फूट वाहतं पाणी एवढी मोठी गाडीसुद्धा वाहून नेतं, इंजिन कुठून श्वास घेतं याच्याशी पाण्याला देणंघेणं नसतं.

टपावरचा तंबू ७० हजार ते दीड लाख. जमिनीवरचा चौघांचा तंबू ८ हजारांत येतो. बेसमेंटच्या २.१ मीटरच्या पाटीखालून थार रॉक्स, जिची उंची १.९२ मीटर आहे, कॅरिअर लावून जाते का हे आधी टेप लावून मोजा.

एक दिवस शिकायला द्या. लोणावळ्याजवळ आंबी व्हॅली रस्त्यावर '१९ डिग्री नॉर्थ'सारखी ऑफ-रोडची खास जागा आहे. अशा ठिकाणी शिकवण्यासाठी ५ ते १० हजार धरा. कोकणातल्या पुळणीवर सराव नको. खारं पाणी चासी खातं, भरती कोणासाठी थांबत नाही आणि पोलिस गुन्हा नोंदवतात, गोव्यात तर हमखास. सड्यांवर आणि कासच्या पठारावर चाकं घालू नका. कातळावरची ती बोटभर माती फुलांची आहे.

बेरीज अशी येते. टायर जुने विकून ५३ हजार, अलाइनमेंट २, गार्ड १३, दोर, शॅकल, फळ्या, रिकव्हरी पॉइंट आणि फावडं ३४, कॉम्प्रेसर-गेज-पंक्चर किट ९, शिकवणी ८, खालून गंजरोधक कोटिंग ६. एकूण एक लाख पंचवीस हजार. यात पावतीवर न दिसणारा एक खर्च धरलेला नाही. एटी टायरनं लिटरमागे किलोमीटरभर सरासरी घटते. १२ ची ११ झाली, वर्षाला १२ हजार किलोमीटर धावली, तर ९० लिटर डिझेल जास्त, लिटरला ९० रुपये धरले तरी ८ हजार.

विमा कंपनीला बसवलेल्या वस्तू कळवा आणि पॉलिसीवर चढवून घ्या. विजेच्या वस्तूंवर साधारण त्यांच्या किमतीच्या चार टक्के हप्ता वाढतो. न कळवलेल्या फेरबदलावर क्लेम अडतो, म्हणून जीएसटीच्या पावत्या गाडीच्या फाइलमध्ये ठेवा. आणि कोणाला लोखंडी बंपर भंगाराच्या भावात हवा असेल, तर आमच्या सेक्रेटरींना भेटा. ते आनंदानं दाखवतील.