मसुदा, हरकत आणि सूचना
कामाच्या जागेच्या सुरक्षिततेचे नियम शासन तयार करते. तेथील धोका मात्र यंत्रापाशी उभ्या असलेल्या कामगारास अधिक ठाऊक असतो. २१ नोव्हेंबर २०२५ रोजी अंमलात आलेल्या २०२० च्या व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य व कार्यस्थिती संहितेनुसार नियमांचा मसुदा आधी राजपत्रात प्रसिद्ध करावा लागतो. ठरलेल्या मुदतीत आलेल्या हरकती व सूचना विचारात घेणे शासनावर बंधनकारक असते. १९८४ साली भोपाळ येथे विषारी वायू कारखान्याची भिंत ओलांडून वस्तीत शिरला. म्हणून शेजारच्या ग्रामस्थांनीही मसुदा वाचावा आणि शिक्षकांनी तो समजावून द्यावा. पत्रात नियमाचा क्रमांक, संभाव्य धोका व सुचविलेली दुरुस्ती स्पष्ट लिहावी. मुदत टळल्यावर केलेली तक्रार कितीही रास्त असली, तरी तिचा विचार होईलच असे नाही.