शाळा बंद कीं चालू?

२०२० सालीं करोनाच्या सांथींत शाळा बंद झाल्या. तेव्हांपासून ‘शाळा बंद करणें योग्य काय?’ आणि ‘मुखपट्टीची सक्ती असावी काय?’ हे विषय आमच्या विद्यार्थ्यांच्या वादसभेंत वारंवार येतात. दोन्ही पक्ष आवेशानें बोलतात. परंतु आवेश म्हणजे पुरावा नव्हे. म्हणून शंभर वर्षांमागील उदाहरण पाहूं.

१९१८ सालीं इन्फ्ल्युएन्झाची सांथ जगभर पसरली. अमेरिकेंतील बहुतेक मोठ्या शहरांनीं शाळा बंद केल्या. सेंट लुई येथें ऑक्टोबरच्या आरंभींच शाळा, नाटकगृहें व प्रार्थनामंदिरें बंद झालीं. फिलाडेल्फियांत २८ सप्टेंबरला प्रचंड मिरवणूक निघाली होती व बंदी उशिरां आली; तेथें सेंट लुईपेक्षां मृत्यूचें प्रमाण पुष्कळ अधिक झालें.

न्यूयॉर्कनें मात्र शाळा चालू ठेविल्या. तेथील आरोग्याधिकारी रॉयल कोपलंड यांचें म्हणणें असें कीं, हजारों मुलें दाटीच्या, कोंदट घरांत राहतात. त्यांपेक्षां शाळेंत तीं अधिक सुरक्षित. तेथें त्यांची रोज तपासणी होई व आजारी मुलास तत्काळ वेगळें काढीत. म्हणजे न्यूयॉर्कनें दार नुसतें उघडें ठेविलें नाहीं, तर दारांत तपासनीसहि उभा केला. जेथें तपासनीस नाहीं, तेथें हा दाखला देतां येत नाहीं.

मुखपट्टीचा वाद सान फ्रान्सिस्को शहरीं गाजला. ऑक्टोबर १९१८ मध्यें सक्ती झाली, नोव्हेंबरांत उठली, आणि सांथ उलटतांच जानेवारी १९१९ मध्यें पुन्हां आली. तेव्हां विरोधकांनीं संघच स्थापिला. विरळ कापडानें रोग कसा अडेल, ही शंका अगदींच पोकळ नव्हती. परंतु नियमाची खरी हानि दुसरीकडून झाली. मुष्टियुद्धाच्या सामन्यांत खुद्द महापौर व आरोग्याधिकारी मुखपट्टीवांचून दिसले, व त्यांसहि दंड भरावा लागला! जो नियम करणारास जड, तो इतरांनीं कां पाळावा?

यास्तव, विद्यार्थीहो, पुढील वादसभेंत केवळ ‘बंद कीं चालू’ एवढेंच विचारूं नका. शाळा बंद झाल्यास मूल कोठें राहील? चालू राहिल्यास त्यास कोण तपासील? नियम केव्हां उठेल, आणि तो सर्वांस सारखा आहे काय? हेंहि विचारा.

आमचीहि एक चूक येथें कबूल करतों. शाळा बंद असतां आम्ही मोबाइलवर धडे दिले. पण ज्यांच्या घरीं मोबाइल नव्हता, त्यांच्या दारीं आम्ही फार उशिरां गेलों. पुन्हां कधीं दार लावण्याची वेळ आलीच, तर प्रथम त्या मुलांची यादी करूं, मगच कुलूप लावूं.