उशिरा पोचलेल्या राइटचं काय?

प्रश्न : आमचा लिनक्स सर्व्हर आयस्कझी स्टोरेजला जोडला आहे. स्विच रीस्टार्ट झाला की तो पुन्हा लॉगिन करतो. पण आधीच्या अर्धवट राइट कमांड उशिरा पोचून डेटा बिघडवतील का?

उत्तर : शंका रास्त आहे. जुन्या राइटने ताजा डेटा पुसला, तर ते महिनोन् महिने कळतही नाही. म्हणूनच 2014च्या आरएफसी 7143चा नियम कडक आहे. त्याच इनिशिएटर नावाने (म्हणजे सर्व्हरच्या आयस्कझी नावाने) आणि त्याच आयएसआयडीने (इनिशिएटरने सेशनला दिलेल्या ओळखीने) नव्या सेशनचं लॉगिन आलं, तर टार्गेटने, म्हणजे स्टोरेजने, आधी जुनं सेशन मोडायचं, त्यातल्या कमांड रद्द करायच्या, मगच लॉगिन पूर्ण करायचं.

खरा घोळ होतो तो क्लोन केलेल्या व्हर्च्युअल मशीनमध्ये. दोघींचं इनिशिएटर नाव एकच राहिलं, की एकीचं लॉगिन होताच दुसरीचं सेशन पडतं, मग ती पहिलीला पाडते. लॉगमध्ये सारखं तुटणं-जुळणं दिसलं, तर केबल बदलण्याआधी हे नाव तपासा.

जोडणी तुटल्यावर ती परत येण्याची किती वाट पाहायची, हे ठरवणारा लिनक्सच्या ओपन-आयस्कझीचा रिप्लेसमेंट टाइमआउट मुळात 120 सेकंद असतो. मल्टिपाथ असेल तर तो 15वर आणा. मार्ग एकच असेल, तर मात्र अजिबात कमी करू नका. फाइलसिस्टिम रीड-ओन्ली होऊन बसेल.