रिपब्लिकन पक्ष : संकल्पना व वाटचाल

रिपब्लिकन पक्ष कोणाचा, असे विद्यार्थी मित्रांना विचारले, तर ‘आपल्या लोकांचा’ एवढेच उत्तर आम्हांस मिळते. परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकरांना अभिप्रेत असलेले उत्तर मात्र हे नव्हे.

बाबासाहेबांनी १९३६ साली काढलेल्या स्वतंत्र मजूर पक्षाच्या नावात जात नव्हती. खोती नष्ट करण्याचे विधेयक आणि १९३८ चा गिरणी कामगारांचा संप ही त्याची ओळख. पुढे क्रिप्स योजनेत अस्पृश्यांच्या मागण्यांची दखल घेतली गेली नाही, तेव्हा १९४२ साली नागपुरात शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन स्थापन झाले. ती त्या काळाची निकड होती. परंतु १९५२ च्या निवडणुकीत मुंबईत खुद्द बाबासाहेब पराभूत झाले. संयुक्त मतदारसंघात एका समाजाच्या मतांवर विजय मिळत नाही, हे स्पष्ट झाले.

३० सप्टेंबर १९५६ रोजी दिल्लीत फेडरेशन विसर्जित करून नवा पक्ष काढण्याचे ठरले. स्वातंत्र्य, समता, बंधुता व न्याय मानणाऱ्या प्रत्येकाला त्याचे दार उघडे राहणार होते. दोनच आठवड्यांनी धम्मदीक्षा झाली. (प्राचीन भारतात गणराज्ये होती आणि भिक्खू संघाला संसदीय कामकाजाचे नियम ठाऊक होते, हे बाबासाहेबांनी १९४९ साली घटना समितीत सांगितले होते. पक्षाच्या नावाचा विचार करताना आम्हांस ते भाषण आठवते.) महापरिनिर्वाणानंतर ३ ऑक्टोबर १९५७ रोजी नागपुरात पक्ष स्थापन झाला व एन. शिवराज अध्यक्ष झाले.

दोन वर्षांतच फूट पडली. ‘दुरुस्त’ आणि ‘नादुरुस्त’ हे शब्द वडीलधाऱ्यांना आठवत असतील! तरीही कर्मवीर दादासाहेब गायकवाडांनी ६ डिसेंबर १९६४ पासून देशभर भूमिहीनांचा सत्याग्रह उभारला. पडीक जमीन भूमिहीनांना द्या, किमान वेतन कायदा अमलात आणा, बौद्धांना सवलती द्या, संसदेच्या मध्यवर्ती सभागृहात बाबासाहेबांचे तैलचित्र लावा, अशा त्याच्या मागण्या होत्या. बायाबापड्यांनी पोरे कडेवर घेऊन तुरुंग भरले. जमीन व मजुरी हे प्रश्न कोणा एका जातीचे नव्हते. आमच्या मते पक्ष आपल्या मूळ संकल्पनेच्या सर्वांत जवळ गेला तो याच वेळी.

त्यानंतर १९६७ साली काँग्रेसशी समझोता झाला आणि १९७० साली पुन्हा फूट पडली. तैलचित्र आणि बौद्धांना केंद्रीय सवलती मिळण्यास १९९० साल उजाडले. तोवर धर्मांतरित बौद्धाला राखीव जागेवरून निवडणूकही लढवता येत नव्हती.

१९९८ साली ऐक्य झालेल्या पक्षाचे प्रकाश आंबेडकर (अकोला), रा. सू. गवई (अमरावती), जोगेंद्र कवाडे (चिमूर) व रामदास आठवले (उत्तर मध्य मुंबई) लोकसभेवर गेले. काँग्रेसशी युती होती हे खरे. पण चारही जागा सर्वसाधारण होत्या, म्हणजे इतर समाजांनीही त्यांना मते दिली होती. १९९९ ची निवडणूक येईपर्यंत हे चौघे एका पक्षात राहिले नव्हते.